जेवून राहिलो

देवराव रामटेके आणि वैदेही यांची पहिली भेट एप्रिलच्या शेवटच्या मंगळवारी दुपारी एक वाजता झाली, आणि नागपूरच्या बेसा परिसरात त्या भेटीचा वृत्तांत अजूनही अशा थाटात सांगितला जातो की ऐकणाऱ्याला वाटावं, दोन फौजाच समोरासमोर आल्या होत्या. पारा त्या दिवशी पंचेचाळीसवर होता. सांगणारे बावन्नपासून सुरुवात करतात. म्हणे, कावळे उडायचं सोडून भिंतीच्या सावलीनं पायी चालले होते. चौकात स्टँडवर लावलेली एक स्कूटर डांबरात इतकी रुतली की मालकानं तिचा नाद सोडून मेट्रोचा पास काढला. आणि देवरावांनी त्या दुपारी जो आवाज काढला तो म्हणे पार रेल्वे फाटकापर्यंत गेला आणि फाटकवाल्यानं मालगाडी समजून फाटक पाडलं. मालगाडी आली नाही. लोक वीस मिनिटं उन्हात उभे राहिले, आणि त्यांच्यापैकी एकानंही तक्रार केली नाही, असं सांगून सांगणारा चहाचा घोट घेतो.

खरं इतकंच, की वैदेही ही बाई नव्हती. ती मशीन होती. देवरावांची मुलगी मोनाली पुण्यात वाकडला राहते. तिनं ही सेवा बापासाठी लावली होती. रविवार सोडून रोज दुपारी एकला मशीन फोन करणार, गोड आवाजात विचारपूस करणार, आणि मोनालीच्या मोबाइलवर एक ठिपका पाठवणार. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे लक्ष द्या, लाल म्हणजे धावा.

फोन वाजला तेव्हा देवराव वरण-भात जेवत होते. त्यांच्याकडे मोबाइल होता, पण खरा फोन म्हणजे भिंतीजवळचा, वायरवाला, अशी त्यांची श्रद्धा होती, आणि वैदेहीला नंबरही त्याचाच दिला होता.

"नमस्कार. मी वैदेही. मोनालीताईंनी मला आपली चौकशी करायला सांगितले आहे."

"जय भीम," देवराव म्हणाले. घास तोंडातच होता.

"क्षमस्व. भीम या नावाची व्यक्ती आपल्या यादीत नाही. जोडू का?"

"तुह्या यादीत नसन, आमच्या भिंतीवर हाय. तू काम सांग."

"आपले जेवण झाले का?"

"जेवून राहिलो."

"समजले. आपले जेवण राहिले आहे."

"राहिलं नाही वं! जेवून राहिलो!"

"समजले. आपण जेवायचे राहिलात. का राहिलात?"

"अवं बाई, घास हाय तोंडात!"

"तोंडात त्रास आहे, अशी नोंद घेत आहे. आणखी काही?"

आता यात वैदेहीचा तरी काय दोष? नागपुरात माणूस जेवत असतो तेव्हा तो 'जेवून राहिलो' म्हणतो. वाट पाहणाऱ्याला 'येऊन राहिलो' म्हणतो, म्हणजे त्याची अजून चप्पल सापडायची असते. इथं सगळं चालूच राहतं, संपत काही नाही. वैदेहीच्या व्याकरणात मात्र राहिलं ते राहिलंच: हुकलं, मागं पडलं, गेलं.

"आणखी म्हणजे," देवराव चिडून म्हणाले, "इथं मी गर्मीनं मरून राहिलो, वरण थंडं होऊन राहिलं, अन् तू भैताडासारखे सवाल करून राहिली!"

या सगळ्यातलं वैदेहीला 'मरून' तेवढं कळलं.

"हे ऐकून अत्यंत दुःख झाले. कोणाचे निधन झाले आहे?"

"माहं!" देवराव गरजले. फाटकापर्यंत गेलेला आवाज तो हाच.

"आपल्या कुटुंबीयांना कळवत आहे. काळजी घ्या."

वाकडला मोनालीच्या मोबाइलवर लाल ठिपका पडला. खाली मजकूर होता: 'सदस्यांनी स्वतःच्या निधनाची माहिती दिली आहे.' मोनालीनं बापाला फोन लावला तर मोबाइल डिस्चार्ज आणि घरचा फोन व्यस्त, कारण देवरावांनी रिसीव्हर खाली ठेवला नव्हता; वैदेही गेल्यावरही ते तिला सुनावतच होते. मग मोनालीनं कोपऱ्यावरच्या टपरीवाल्या शोभाताईंना फोन केला. शोभाताई हातातल्या गाळणीसकट धावल्या. त्यांच्यामागून देवरावांचे दोस्त रुपराव आले, पण सात मिनिटं उशिरा, कारण ते घरी जाऊन पांढरा शर्ट घालून आले होते. गांधीबागेत साड्यांच्या दुकानात पस्तीस वर्षं काढलेला माणूस प्रसंगाचं कापड चुकत नाही.

देवराव ताट धुवत होते.

"कोण मेलं गा?" रुपरावांचा शर्ट पाहून त्यांनी विचारलं.

"तू."

"मले कोणी सांगतलं नाही," देवराव म्हणाले आणि ताट पालथं घातलं.

देवराव टेलिफोनच्या खात्यात छत्तीस वर्षं लाइनमन होते. खांबावर चढायचं, वायरला हातातला फोन लावायचा, कानाशी धरायचा. आतून घूं आवाज आला तर म्हणायचं, "टोन हाय." नाही आला तर, "डेड." मधलं काही नसतं. निवृत्त होताना त्यांनी पक्कड, बेल्ट, शिडी सगळं जमा केलं, हे दोन शब्द तेवढे घरी आणले. पुढं जगातली कुठलीही वस्तू त्यांच्यासमोर आली की ते मान जरा वाकडी करायचे, ऐकल्यासारखं करायचे आणि निकाल द्यायचे. मोनालीनं नागसेनला पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा देवरावांनी त्याला नोकरी विचारली नाही, गाव विचारलं नाही. तो चहा पिईपर्यंत बघत राहिले आणि आत जाऊन बायकोला म्हणाले, "टोन हाय." लग्न ठरलं.

अविश्वास त्यांच्या घरचाच होता. छप्पनच्या धम्मदीक्षेच्या तीन वर्षं आधी जन्मल्यामुळे नावात देव राहून गेला, पण घरात तो पुन्हा आला नाही. "आमच्या बापानं तेहतीस कोटी एका दिवसात सोडले," ते म्हणायचे, "अन् आता पोरगी म्हणते, मशीनवर भरोसा ठेवा."

रोज सकाळी साडेसात वाजता शोभाताईंच्या टपरीवर रुपराव पेपर वाचत आणि देवराव निकाल देत. रुपराव पहिलं पान सोडून थेट आतलं तंत्रज्ञानाचं पान उघडत. देवरावांना सगळ्यात जास्त चेव तिथं येतो, हे त्यांना ठाऊक होतं.

"हे पाह्य. मशीननं कविता लिहिली म्हणते."

"कोणी मागितली होती?"

"घरकाम करणारा रोबो आला. कपडे घडी करते. एक टॉवेल, दोन मिनटं."

"दोन मिनटं?" हा प्रश्न रुपरावांनी स्वतःलाच विचारला. ते दुखावले होते. "दोन मिनटात मी सहा साड्या उलगडून, बाई नाही म्हणाली की सहाच्या सहा घडी करून फळीवर टाकत होतो. अन् चेहऱ्यावर हसू."

"डेड," देवराव म्हणाले. "पुढं वाच."

"व्हिडीओ गेम. मोठा गेम यायचा होता, पुन्हा लांबला म्हणते. जगभरचे पोट्टे नाराज हायेत."

"किती वर्षं लांबला?"

"दोन."

"दोनसाठी रडून राहिले? आमच्या काळात फोनसाठी पोराच्या बारशाले अर्ज करा, अन् फोन लागे त्याच्या लग्नात. कोणी नाराज नव्हतं. हलवा देत लोक."

"अन् गेममध्ये काय करतेत, भाऊ?" शोभाताईंनी विचारलं.

"काही नाही वं. खोट्या गावात खोटी गाडी चोरतेत अन् पोलीस मागं लागतेत."

"गाडी चोराले दोन वर्षं थांबून राहिले?" शोभाताई म्हणाल्या. "सीताबर्डीत मेनरोडवर लावली असती तर अर्ध्या तासात गेली असती."

असं रोज चालायचं. देवराव बेसाच्या त्या कोपऱ्यावरचे शेवटचे न्यायमूर्ती होते. नवा मोबाइल घेतला की लोक आधी त्यांना दाखवायचे. ते मान वाकडी करायचे. 'डेड' म्हणाले तरी लोक खूश, कारण मोबाइल घेऊन झालेला असायचा आणि वर कोणीतरी त्याची दखल घेतलेली असायची.

त्या मंगळवारी संध्याकाळी मोनालीचा फोन आला तेव्हा मात्र निकाल ऐकायची पाळी देवरावांवर आली.

"बाबा, लाल ठिपका मी विसरली. मशीनले तुमचं बोलणं समजलं नाही, तेही मान्य. पण गेल्या पावसाळ्यात तुम्ही काय केलं होतं?"

गेल्या पावसाळ्यात देवराव, वय वर्षं एकाहत्तर, शेजाऱ्यांच्या फोनला टोन नाही म्हणून शिडीवर चढले होते. पडले. हाताला प्लॅस्टर घातलं. मोनालीला तीन आठवडे सांगत राहिले, हात जरा आखडला.

"तुमच्या बोलण्यावर माहा भरोसा नाही, बाबा. मशीन तरी खोटं सांगत नाही. साठ हिरवे ठिपके दाखवा. मंग मी वाकडचं नाव काढणार नाही. नाही तर सामान बांधा."

वाकड म्हणजे काय ते देवरावांना माहीत होतं. बायको सिंधू गेली त्या वर्षी ते तिथं अकरा दिवस राहून आले होते. नवव्या मजल्यावर सगळं छान होतं. नातू शाळेत, मुलगी-जावई कामावर, पाणी चोवीस तास. पण त्या अकरा दिवसांत त्यांच्यासमोर कोणी एकही वस्तू धरून विचारलं नव्हतं, काय देवराव, टोन हाय का?

साठ हिरवे ठिपके हवे होते. पहिल्या तीन दिवसांत तिन्ही पिवळे पडले. 'बसून राहिलो' म्हटलं तर वैदेहीनं खुर्ची नसल्याची नोंद केली. 'जेवलो' एवढं एका शब्दात सांगून टाक, असं शोभाताईंनी सुचवलं, पण फोन बरोबर एकला यायचा, तेव्हा घास हातात असायचा, आणि हातात घास असताना 'जेवलो' म्हणणं देवरावांच्या हिशेबी खोटं होतं. शिडीच्या प्रकरणानंतर त्यांनी खोट्याचा धसका घेतला होता.

"तुले शुद्ध बोलणं शिकावं लागन," रुपराव म्हणाले.

"तू शिकवशीन?"

"पस्तीस वर्षं शुद्ध बोललो गा मी. पुण्या-मुंबईच्या पाहुण्या बाया लग्नाचा बस्ता घ्यायले येत, तवा मालक मलेच पुढं करत. लिही."

अशा रीतीनं देवराव रामटेके यांचं प्रमाण मराठीचं शिक्षण टपरीच्या बाकावर सुरू झालं. गुरुजींचं शब्दभांडार एकाच दुकानातलं आहे, हे शिष्याच्या लक्षात यायचं काही कारण नव्हतं. चौथ्या दिवशी वैदेहीचा फोन आला.

"नमस्कार. आपले जेवण झाले का?"

"या, ताई. भोजन चालू आहे," देवराव कागदावरून वाचत म्हणाले. "अगदी आपल्या पसंतीचे आहे."

"छान. प्रकृती कशी आहे?"

"उत्तम. टिकाऊ. रंग जाणार नाही याची हमी."

"ऐकून आनंद झाला. आपल्याला काही हवे आहे का?"

"नको. आपणच सांगा, आणखी काय दाखवू?"

हिरवा ठिपका पडला.

मग पडतच राहिला. मे गेला, जून गेला. दहा, पंचवीस, चाळीस. देवराव कागदाशिवाय बोलू लागले. दुपारी एकला उजवा हात धुवून, पाय जुळवून, फोनजवळ उभे राहायचे, जणू समोर गादीवर गिऱ्हाईक बसलंय. टपरीवर रुपरावांनी एकदा वाचून दाखवलं की मशीन माणसांशी बोलून बोलून शिकत जाते.

"खोटं हाय," देवराव म्हणाले. "दोन महिने झाले, ती तशीच बोलून राहिली. शिकलो तर मीच."

जुलैत, पन्नासपेक्षा जास्त ठिपके जमल्यावर, एका सकाळी रुपरावांनी पेपरचं पान जरा जास्तच जवळ धरलं.

"देवराव, हे ऐकजो. मशीन आता कोणाचाही आवाज काढते म्हणते. घरच्या माणसाचा. बोलीसुद्धा त्याचीच. लोक फसून राहिले. लिवलं हाय, घरची कोणतीही माहिती फोनवर देऊ नका."

देवरावांनी मान वाकडी केली. बराच वेळ केली. शेवटी म्हणाले, "यात टोन हाय." त्या पानावरच्या बातमीला हा निकाल पहिल्यांदाच मिळत होता. शोभाताईंनी चहा उतू जाऊ दिला.

त्याच दिवशी वाकडला मोनाली मोबाइल पाहत बसली होती. पहिले चार सोडले तर सत्तावन्न ठिपके, सगळे हिरवे. तिला वाटलं, झालं. बाप वेळेवर जेवतो, नीट बोलतो, एकटा राहू शकतो. आता मशीन कशाला मध्ये? तिनं सेवा बंद केली, आणि ठीक एक वाजता, वैदेहीच्या वेळेला, तिनं स्वतः फोन लावला.

"बाबा, काय करून राहिले? जेवले का?"

देवरावांनी रिसीव्हर कानाला घट्ट लावला. आवाज मोनालीचा होता. बोलही मोनालीचे. 'राहिले'सुद्धा बरोबर जागी होतं.

वैदेही शिकली, त्यांनी मनाशी म्हटलं. आणि पाय जुळवले.

"या, ताई. भोजन चालू आहे."

मोनाली हसली. "बाबा, मी बोलून राहिली ना! मोनाली!"

"ओळखले. फार सुरेख जमला आहे. अगदी हुबेहूब."

"काय जमला?"

"आपला आवाज."

"बाबा, मजाक नका करू."

"आमच्याकडे मजाक नाही, ताई. एकच भाव."

मोनालीचं हसणं थांबलं. "बाबा, ऐका. मी कोण हावो? माहं नाव सांगा."

"आपणच सांगितले ना आत्ता."

"बरं. आईचं नाव काय होतं? बाबा? आईचं नाव सांगा."

आईचं नाव देवरावांच्या ओठांवर आलंच होतं. मग सकाळची बातमी आठवली.

"क्षमा करा. घरची माहिती आम्ही फोनवर देत नाही. पुन्हा या."

आणि फोन ठेवला. लगेच मोबाइल वाजला. पडद्यावर 'मोनाली' आलं. नंबरही खोटा दाखवता येतो, हे बातमीत शेवटच्या ओळीत होतं. देवरावांनी मोबाइल बंद केला, वायरवाल्या फोनचा रिसीव्हर काढून ठेवला आणि उन्हातच टपरीवर गेले.

"मोनालीचा आवाज काढला तिनं आज," त्यांनी सांगितलं. "सिंधूचं नाव विचारलं. मी नाही दिलं."

"वा रे पठ्ठे!" रुपरावांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. शोभाताईंनी त्या चहाचे पैसे घेतले नाहीत. त्यांचा मोबाइल घरी चार्जिंगला होता. त्यावर मोनालीचे बारा फोन येऊन गेले, हे त्यांना रात्री कळलं, आणि तोपर्यंत मोनालीचा मोबाइल विमानात बंद होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवरावांनी दार उघडलं तर समोर मोनाली उभी. त्यांनी आधी तिच्या पायांकडे पाहिलं. पायात चप्पल होती, चपलेला चिखल होता, आणि चिखल मशीनला लागत नाही. तेव्हा कुठं त्यांना कळलं की काल कोण बोलत होतं.

"तू काहून आली वं?" ते म्हणाले. मग म्हणाले, "सिंधू. तुह्या आईचं नाव सिंधू."

मोनालीनं दारातूनच ऑटो थांबवला. तिनं त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी वार विचारला, तारीख विचारली, शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. देवराव न चुकता दोनपर्यंत आले. त्र्याण्णवनंतर डॉक्टरच मोबाइलमध्ये बघत होते. स्मरणशक्ती उत्तम आहे, असं डॉक्टर म्हणाले. परत येताना ऑटोत देवरावांनी सगळं सांगितलं: बातमी, रुपराव, साड्या, सगळं. एरवी कोणीही हसलं असतं. ऑटोवाला हसला.

घरी येऊन मोनाली फोनजवळच्या स्टुलावर बसली.

"बाबा, माहा आवाज ओळखला नाही तुम्ही."

"ओळखला ना. तंतोतंत तुहाच होता. म्हणून तर शक आला."

मोनालीनं त्यांच्याकडे पाहिलं. देवरावांनी मान वाकडी केली, पण निकाल काही सुचला नाही. छत्तीस वर्षं ते फक्त टोन आहे का, एवढंच ऐकत आले होते. टोन असल्यावर पलीकडून कोण बोलतं हे बघणं त्यांच्या कामात नव्हतं.

"मी मेली असती अन् कोणी त्या फोनवर सांगतलं असतं," मोनाली म्हणाली, "तरी तुम्ही त्याले म्हटलं असतं, पुन्हा या."

देवरावांनी कालपासून काढून ठेवलेला रिसीव्हर जागेवर ठेवला आणि ते खुर्चीत बसले. मोनाली उठली, त्यांची बॅग काढली, दोन धोतरं, चार शर्ट, चष्म्याचं घर भरलं, भिंतीवरचा फोटो उतरवून टॉवेलात गुंडाळला. टपरीवरून रुपराव आणि शोभाताई येऊन दारात उभे होते. रुपरावांनी आज साधाच शर्ट घातला होता.

"चला, बाबा."

"येऊन राहिलो," देवराव म्हणाले आणि खुर्चीतून हलले नाहीत.

मोनाली नागपूरचीच. तिनं कॉटखालून त्यांच्या चपला काढल्या आणि त्यांच्या पायांपुढं ठेवल्या.

हिरवे ठिपके सत्तावन्न झाले होते. बेसाच्या घरातला फोन ऑगस्टमध्ये कापला. देवराव आता वाकडला नवव्या मजल्यावर राहतात. जेवण एक वाजता होतं.